अप इन स्मोक (१९७८) इतक्या वर्षांनी घरी परत पाहिला, ग्रुपात लावू का? मत द्या

भुसावळचा_प्रोजेक्टर

मंडळी, चीच मरीन आणि टॉमी चाँग या जोडीचा अप इन स्मोक इथे कोणी पाहिलाय का, आणि पाहिला असेल तर आज परत लावावा असा वाटतो का ते मोकळेपणी सांगा. पुढच्या महिन्यात आमच्या ग्रुपात पिक्चर निवडायची पाळी माझी आहे आणि माझ्या डोक्यात हाच बसलाय. ग्रुप म्हंजे काही मोठा कारभार नाही, एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत प्रोजेक्टर आहे, रेल्वेतले दोघं-तिघं, एक मास्तर, एक रावेरचा केळीवाला असे जमतो, आणि हल्ली काहींची कॉलेजातली पोरंपोरीही येऊन बसतात.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन पिक्चर, दीड तासाच्याही आत संपतो. लॉस एंजेलिसचा पेद्रो (चीच), मेक्सिकन घरातला, खिशात दमडी नाही पण गाडी एकदम सजवलेली. दुसरा मॅन (चाँग), श्रीमंताघरचा केसाळ ड्रमर, ज्याला बापाने तंबी दिलीय की आज दिवस मावळायच्या आत नोकरी बघ नाहीतर सैनिकी शाळेत टाकतो. दोघं रस्त्यात भेटतात, गांजा शोधत हिंडतात, पकडले जातात, सुटतात, मेक्सिकोतल्या तिहुआनाला पोचतात आणि तिथून जी व्हॅन घेऊन परत निघतात ती आख्खी व्हॅनच गांजापासून बनवलेली असते आणि या दोघांना त्याचा पत्ताच नसतो. मागे पोलीस सार्जंट स्टेडेंको आणि त्याची माणसं.

मी हा पूर्वी पाहिला होता व्हीएचएसवर, कॉपीची कॉपी, रंग उडालेले, आवाज घोगरा, आणि खालच्या बाजूला एक पांढरी पट्टी सारखी नाचायची. त्यात पेद्रोची गाडी म्हंजे नुसता काळा डाग दिसायचा. आता भाच्याने अमेरिकेतून डीव्हीडी आणली ती लॅपटॉपवर लावली आणि पहिली पाच मिनिटं बघून तिथेच थांबवून परत लावली. १९६४ ची शेव्हरोले इम्पाला आहे ती, आपल्याकडे काळीपिवळीवाले काचेला गोंडे लावतात तशी आतून गोंड्यांची झालर, साखळीचं इवलंसं स्टिअरिंग, आणि वर वॉर या बँडचं लो रायडर गाणं चालू. ज्याच्या घरात बिछान्यापासून सोफ्यापर्यंत माणसं झोपलेली आहेत त्या पोराची स्वतःची म्हणावी अशी एकच जागा आहे आणि ती ही गाडी, हे त्या पाच मिनिटांत एकही डायलॉग न मारता कळतं.

मग तो गाडीतला सीन. धूर इतका कोंडतो की काचा पांढऱ्या पडतात. पेद्रो स्टिअरिंगला चिकटून, डोळे फाडून, घाबरून विचारतो की मी बरोबर चालवतोय ना गाडी. मॅन काचेतून बाहेर बघतो, निवांत बघतो, घाई नाही, आणि सांगतो की आपण उभे आहोत वाटतं. आणि खरंच गाडी भर रस्त्यात दुभाजकावर उभी असते, बाजूने ट्रॅफिक चाललेली. चाँग त्या एका वाक्याआधी जेवढा थांबतो ना, तेवढं थांबायचं धाडस मला आजच्या कॉमेडीत दिसतच नाही.

आता अडचण. घरी भाच्यासोबत आणि त्याच्या मित्रासोबत बसून पाहिला तर मित्र अर्ध्या तासात म्हणे काका यात काही घडतच नाहीये. आणि माझ्या बायकोचं म्हणणं की हे नशेचं कौतुक आहे, तरुण पोरांसमोर लावू नये. मला दोन्ही पटत नाही, पण ग्रुपात बोलायचं तर नीट मुद्दे पाहिजेत. तुम्ही सांगा, हा पिक्चर खरंच चांगला आहे का, आणि असेल तर नेमका कशामुळे?

पाचोऱ्याचा_रेकॉर्डवाला

भो, एकदम जवळचा विषय काढला. मी जुन्या एलपी गोळा करतो आणि माझ्याकडे या दोघांच्या रेकॉर्डी आहेत म्हणून सांगतो, हा पिक्चर नीट कळायचा असेल तर आधी हे धरून चालायचं की ही दोघं पिक्चरवाली नव्हतीच, ती रेकॉर्डवाली होती. साठच्या दशकाच्या शेवटी कॅनडात व्हँकुव्हरला भेटली. चाँग कॅनडाचाच, बाप चिनी, आई स्कॉट-आयरिश वळणाची. चीच लॉस एंजेलिसचा, व्हिएतनामची सक्तीची भरती टाळून कॅनडात गेलेला, आणि त्याचे वडील लॉस एंजेलिस पोलिसात होते. पोलिसाचा पोरगा पोलिसांची टिंगल करतोय हे माहीत असलं की स्टेडेंकोचे सीन वेगळेच लागतात.

१९७१ ला पहिला अल्बम आला. त्यात डेव्हचा तो नकला-संवाद आहे, एक माणूस बाहेरून दार वाजवतो, मी डेव्ह, माल आणलाय, दार उघड, मागे पोलीस असतील, आणि आतला माणूस सांगतो डेव्ह घरी नाही. बाहेरचा जीव तोडून सांगतो की अरे मीच डेव्ह, आतला परत तेच, डेव्ह घरी नाही. बस एवढंच. दोन आवाज आणि एक दार. लोकांनी तो संवाद घरी बसून इतक्यांदा ऐकला की पाठ झाला. १९७२ च्या बिग बांबू अल्बमच्या पाकिटात तर भला मोठा रोलिंग पेपर, म्हंजे सिगारेट वळायचा कागद, घालून विकला होता, तो शाबूत असलेली एलपी आज मिळणं मुश्कील. १९७३ च्या लोस कोचिनोसला कॉमेडीचं ग्रॅमी मिळालं, आणि सार्जंट स्टेडेंको हे पात्र त्या रेकॉर्डवरून उचललेलं आहे.

आणि डायरेक्टर कोण तर लू ॲडलर. हा माणूस रेकॉर्ड प्रोड्युसर, १९६७ च्या माँटेरे पॉप फेस्टिव्हलच्या मागे असलेल्यांपैकी एक, कॅरोल किंगचा १९७१ चा टॅपेस्ट्री अल्बम यानेच केलेला. चीच-चाँगच्या रेकॉर्डीही त्याच्याच कंपनीने काढल्या होत्या. पिक्चर डायरेक्ट करायची त्याची ही पहिलीच वेळ. शेवटी जिथे बँडची स्पर्धा होते ते रॉक्सी थिएटरसुद्धा ज्यांनी सुरू केलं त्यांच्यात तो होता, आणि तिथे चीच झालरीचा फ्रॉक घालून जे गाणं म्हणतो ते इअरेक माय आय, ते १९७४ लाच रेकॉर्डवर येऊन अमेरिकेच्या पहिल्या दहात जाऊन आलेलं.

म्हणून मला वाटतं तुझ्या भाच्याच्या मित्राला जे झालं ते साहजिक आहे पण पिक्चरचा दोष नाही. तो गोष्ट शोधत होता. यात गोष्ट नाही, यात एकामागे एक लावलेले संवाद आहेत, रेकॉर्डवर ट्रॅक असतात तसे, आणि रेकॉर्ड आपण एकदा ऐकून ठेवून देत नाही ना, आवडलेला ट्रॅक सुई उचलून परत लावतो, तू पहिली पाच मिनिटं परत लावलीस तेच झालं हे. थिएटरात हा पिक्चर भरपूर चालला, पैसा भरपूर केला, दोनेक मिलियन डॉलरात बनवलेला आणि एकट्या अमेरिकेत चाळीस मिलियनच्या वर गेला, पण त्याचं खरं घर म्हंजे बैठकीची खोली, चार ओळखीची माणसं, आणि हातात रिमोट. घरी पाहिलेलाच हा पिक्चर जास्त चांगला असतो असं माझं ठाम मत आहे आणि फार कमी पिक्चरांबद्दल मी असं म्हणेन.

ग्रुपात लावणार असशील तर दोन गोष्टी कर. प्रोजेक्टरचा डबड्या स्पीकर वापरू नको, चांगला स्पीकर लाव, चीचचा बोलायचा हेल आणि चाँगचा तो खर्जातला ओढलेला आवाज यातच अर्धी गंमत आहे. आणि पिक्चरच्या आधी डेव्हचा तो संवाद ऐकव, लाईट बंद करून, पडद्यावर काही नको. पोरं मग आपोआप कानाने बघायला लागतील.

पांझराकाठ_धुळे

माले इचार ना भो, लायी दे बिनधास्त.

आता जरा मराठीत. आपल्याकडच्या माणसाला हा पिक्चर समजायला मालेगावपेक्षा चांगला रस्ता नाही. नासिर शेख तिथे व्हिडिओ पार्लर चालवायचा, परदेशी पिक्चर बघून बघून, एडिटिंग शिकून, गावातल्या यंत्रमागावरच्या पोरांना घेऊन मालेगाव के शोले केला, सन २००० च्या आसपास, आणि लोकांनी डोक्यावर घेतला कारण पडद्यावर आपल्यासारखं बोलणारी माणसं दिसली. नंतर धुळे-मालेगावकडून छोटू दादाच्या खान्देशी कॉमेडीच्या व्हीसीडी निघाल्या त्या तर एसटी स्टँडवर ढीगाने विकल्या जायच्या, लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात लावायचे. पेद्रो पण तसाच आहे. त्या काळात हॉलिवूडमध्ये मेक्सिकन माणूस म्हंजे एकतर डाकू नाहीतर माळी. इथे तो हिरो आहे, स्वतःच्या हेलात बोलतो आणि कोणाला त्याचं स्पष्टीकरण देत बसत नाही.

माझा आवडता भाग सांगतो. पेद्रोच्या नातेवाईकांना तिहुआनात लग्नाला जायचंय, गाडीभाडं नाही, तर ते स्वतःच इमिग्रेशनवाल्यांना फोन करून स्वतःची तक्रार देतात, म्हंजे सरकारी बसने फुकट सीमेपलीकडे सोडतात. लग्न लागलं की येतील परत. मुंबई-सुरतला कामाला गेलेला आपला माणूस लगीनसराईत गावी यायला काय काय करतो ते ज्याने पाहिलंय त्याला हा सीन सांगावा लागत नाही.

मेहरूणची_वाचक

दादा, मी लावायच्या बाजूनेच आहे पण इथे कोणी बोललं नाही म्हणून बोलते. या पिक्चरात बायकांना कामच नाही. एकतर लिफ्ट मागणाऱ्या पोरी, नाहीतर पार्टीत येऊन भांडी घासायची पावडर नाकात ओढणारी ती बाई. ज्यून फेअरचाइल्डने तो सीन केलाय आणि चेहऱ्याचं काम तिने जबरदस्त केलंय, हसू येतंच, पण तिचं नाव काय, ती कोण, कुठून आली, काही नाही. मॅनची आई झालेली ईडी ॲडम्स ही त्या काळातली मोठी कलाकार, तिला दोन मिनिटं. आणि दोघांची पहिली भेटच मुळी यावर आहे की मॅन रस्त्याच्या कडेला बाईसारखा नटून उभा राहतो म्हणून पेद्रो गाडी थांबवतो, बाई समजून. तो जोक मला चालतो कारण त्यात फजिती पेद्रोची होते. पण समलिंगी माणसांवर जे शब्द येतात ते आज कानाला टोचतात आणि टोचायलाच पाहिजेत.

तरी मला पिक्चर आवडतो आणि का ते सांगते. या दोघांपैकी कोणीच कोणाला मोठं होऊन दाखवत नाही. आपल्याकडच्या मित्रांच्या पिक्चरात एक हुशार असतो आणि एक येडा असतो, किंवा एकाचं प्रेम जमतं आणि दुसरा त्याग करतो, मग भांडण, मग पावसात मिठी. इथे एकदाही भांडण नाही. चूक झाली तरी कोणी कोणाला बोलत नाही, गाडी बंद पडली, पोलीस आले, देशातून हाकललं, तरी ठीके मॅन, आता काय करायचं. पुरुषांची इतकी मऊ मैत्री मी पडद्यावर फार कमी पाहिलीये. पेद्रो श्रीमंताच्या पोराकडे पैसे मागत नाही आणि मॅन त्याच्या गरिबीकडे बघून नाक मुरडत नाही, हे तर त्याहून दुर्मिळ.

आणि एक व्यवहाराचं. भाषा भलतीच शिवराळ आहे, अमेरिकेतही याला आर सर्टिफिकेट होतं. बाप आणि त्याची एकोणीस वर्षांची पोरगी एकाच सतरंजीवर बसून हा पिक्चर बघणार असतील तर दोघांची अवघडून गोची होणार, हसणार कोणीच नाही. पोरांचा शो वेगळा ठेवा आणि मोठ्यांचा वेगळा. मी खरंच सांगते, यानेच सगळा फरक पडेल.

शिरपूरहून

मी वेगळ्या बाजूने बोलतो, राग मानू नका. मी शिरपूरला एका वकिलांच्या ऑफिसात काम करतो. आमच्या तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला कापूस-तुरीच्या आड गांजाची झाडं निघतात, पोलीस उपटतात, ढिगासमोर फोटो निघतो, पेपरात येतो, तुम्ही सगळ्यांनी वाचलंच असेल. तुमच्या पिक्चरात व्हॅनच्या व्हॅन गांजाची असते आणि शेवटी कोणाला काही होत नाही. आमच्याकडे एनडीपीएसच्या, म्हंजे अंमली पदार्थांच्या कायद्याच्या, कलम २० खाली नुसत्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे, आणि वीस किलोच्या वर माल सापडला की तो व्यापारी प्रमाणात मोडतो, मग तर कमीत कमीच दहा वर्षं, आणि जामीन मिळता मिळत नाही. कोर्टात जो उभा राहतो तो बहुतेक वेळा ज्याच्या नावावर धड जमीनही नाही असा माणूस असतो. ज्याने बी दिलं आणि ज्याने माल उचलायचा शब्द दिला तो तिथे नसतो. त्या माणसाची बायको आमच्या ऑफिसच्या बाकावर दुपारभर बसून असते, डबा बांधून आणलेला, कारण शेवटची गाडी पाचची.

हे डोक्यात घेऊन मी पिक्चर पाहिला, आणि तुम्हाला वाटेल मला आवडला नसेल. पण कोर्टाचा सीन बघा. दोघं उभे आहेत, केस सरळ आहे, आणि मग लक्षात येतं की जजच्या ग्लासात पाणी नाही व्होडका आहे, आणि केस सुटते. आख्ख्या पिक्चरचा मुद्दा मला तिथे दिसतो. नशा करणारा कोण आणि शिक्षा देणारा कोण हे कायद्याने ठरवलंय, नशेने नाही. आपल्याकडे तर भांग कायद्याच्या व्याख्येतच येत नाही, पान चालतं, शेंडा चालत नाही, झाड तेच. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारताला गांजा बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली होती आणि ती संपत आली तेव्हा १९८५ चा कायदा आला. म्हंजे अप इन स्मोक अमेरिकेत लागला तेव्हा तिथे त्याच्यासाठी धरपकड चालू होती आणि आपल्याकडे अजून हा कायदाही नव्हता, आणि आज कॅलिफोर्नियात २०१८ पासून दुकानात बिल करून मिळतो आणि आमच्या तालुक्यात माणूस आत आहे.

आणि शिक्षा कोणालाच झाली नाही असंही नाही. टॉमी चाँगला २००३ मध्ये, वय पासष्टीचं, काचेच्या चिलमी ऑनलाईन विकल्या म्हणून नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि त्याने ती फेडरल जेलात काढली. विनोद करणारा माणूस पिक्चर काढल्यानंतर पंचवीस वर्षांनी आत गेला.

तेव्हा दाखवा, जरूर दाखवा, पण नंतर लाईट लावून दहा मिनिटं हे बोला. वहिनींचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही, कॉलेजच्या वयात गांजाने अभ्यासातून उठलेली पोरं मी पाहिलीत आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. फक्त पोरांपासून पिक्चर लपवून ते थांबत नाही.

भुसावळचा_प्रोजेक्टर

शिरपूरकर, तुमचं दोनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं, ती म्हणाली हे बोलणार असाल तर लावा. राग कसला मानायचा, पिक्चरनंतरचं बोलणं तुम्ही म्हणताय तसंच ठेवतो आणि जमलं तर तुम्हीच या, शिरपूर-भुसावळ लांब आहे पण मुक्कामाची सोय करतो.

एक भर घालतो. पेद्रोचा भाऊबंद स्ट्रॉबेरी, टॉम स्केरिटने केलेला, तो व्हिएतनामहून आलेला आहे, आणि मध्येच त्याला लढाई दिसायला लागते आणि तो घरातच शत्रू शोधायला लागतो. पिक्चर त्याला विनोद म्हणूनच घेतो पण ती एकच जागा आहे जिथे हसता हसता पोटात गोळा येतो. १९७८ म्हंजे युद्ध संपून तीन वर्षं, बघणाऱ्यांच्या घराघरात असा एखादा असणार.

आणि मेहरूणच्या ताई, दोन शोचं एकदम मान्य. हे मला सुचलंच नसतं.

कॅसेटवाले_काका

चाळीसगावला माझी व्हिडिओ लायब्ररी होती, एशियाडनंतर रंगीत टीव्ही आले तेव्हापासून व्हीसीडी येईपर्यंत चालवली, म्हणून पट्टीचं मी सांगतो. खाली पांढरी पट्टी नाचायची ते ट्रॅकिंग हललेलं असायचं, कॅसेट एका मशीनवर भरलेली आणि दुसऱ्यावर लावली की व्हायचं, समोरची चकती हळूहळू फिरवून बसवावं लागायचं. हेड घाण झालं की वेगळं, तेव्हा सगळ्या चित्रावर बर्फ पडल्यासारखं व्हायचं, मग स्पिरिट आणि शर्टाच्या कापडाचा तुकडा, कापूस नाही, कापसाचे धागे अडकतात. रंग उडायचं कारण बहुतेक असं की मूळ कॅसेट अमेरिकेची, म्हंजे एनटीएससी पद्धतीची, ५२५ रेघांची, आणि आपलं सगळं पाल (PAL) पद्धतीचं, ६२५ रेघांचं. तशी कॅसेट साध्या मशीनवर लावली तर चित्र काळंपांढरं होऊन लोळायचं. मग मुंबईहून कोणीतरी जुळवून कॉपी केलेली यायची, तिची परत कॉपी, प्रत्येक कॉपीत थोडा रंग जायचा.

लोक टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीसाठी न्यायचे, हातगाडीवर, वर गोधडी टाकून. तीन कॅसेटीत दोन हिंदी घरच्यांसाठी आणि एक इंग्रजी, जी घरचे झोपल्यावर पोरं लावायची. इंग्रजीत मारामारीचे आणि भुताचे जास्त जायचे. पण दोन-तीन इंग्रजी कॉमेडी अशा होत्या की तीच पोरं परत परत न्यायची, पाठ झालेली असायची तरी, आणि पाचोऱ्याच्या भाऊंनी वर जे लिहिलंय ते मला तिथे काउंटरवर बसून दिसायचं. मारामारीचा पिक्चर माणूस दुसऱ्यांदा नेत नाही. हसवणारा नेतो, आणि चार जणांना सोबत बसवायला नेतो. अमेरिकेतही या पिक्चराचं असंच झालं असणार, थिएटरातून उतरला पण कॅसेटीतून घराघरात राहिला. २०२४ मध्ये त्यांच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने देशाचा ठेवा म्हणून जे पंचवीस पिक्चर निवडले त्यात हा घेतला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण असले पिक्चर जपले जावेत असं आमच्या धंद्यातल्या माणसाला कायम वाटायचं पण ते कोणी ऐकून घेत नव्हतं.

आता तुमच्या कामाचं. डीव्हीडीवर ती जगाच्या कुठल्या भागात चालायची त्याचा रिजन नंबर असतो, भाच्याने आणलेली अमेरिकेची म्हंजे रिजन १, आपलं रिजन ५. लॅपटॉपचा ड्राइव्ह रिजन बदलायला मोजक्याच वेळा देतो, साधारण पाचदा, मग शेवटचा रिजन कायमचा बसतो, तेव्हा आलटून पालटून बदलत बसू नका. ग्रुपात लावायला मल्टिरिजन प्लेअर बघा, जुन्या बाजारात मिळतो, स्वस्तातले बरेच प्लेअर सगळं चालवतात. ब्ल्यूरे मागवायचा विचार असेल तर तिथे अमेरिका ए आणि आपण सी, डब्याच्या मागे खूण बघून मगच पैसे द्या. आणि सबटायटल आधी तपासून ठेवा, चीचचं स्पॅनिश मिसळलेलं इंग्रजी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला डोक्यावरून जाईल, सबटायटल असली की पोरं सुद्धा टिकतील.

सेमिस्टर_चौथं

नमस्कार, मी जळगावला इंजिनिअरिंगला आहे, आणि आमच्या पिढीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. मी हा धागा वाचून काल हॉस्टेलवर तिघींनी मिळून पाहिला. पहिली वीस मिनिटं आम्हालाही वाटलं की हे कुठे चाललंय, आम्ही फोन बाजूला ठेवले आणि मग एकदम सूर लागला. सगळ्यात जास्त हसलो ते सीमेवरच्या सीनला, मॅन गांजाची जळती सिगारेट बाहेर फेकतो ती शेजारच्या गाडीत नन्सच्या मध्ये पडते आणि पोलीस त्या बिचाऱ्या नन्सची झडती घेतात आणि गांजाची आख्खी व्हॅन समोरून निघून जाते. स्टेडेंको करणारा स्टेसी कीच एकदाही हसत नाही, शेक्सपिअर केलेला नट आहे म्हणे, तो इतका गंभीर राहतो म्हणूनच सगळं चालतं.

आणि चीचचा आवाज आम्ही तिघींनी लगेच ओळखला! लायन किंगमधला बांझाई तरस आणि कार्समधला रमोन, तो रंगीबेरंगी लो रायडर, म्हंजे खाली बसवलेली सजवलेली गाडी. म्हंजे पेद्रोची गाडीच त्याने २००६ मध्ये परत चालवली की. स्पाय किड्समधला काका पण तोच, आणि कॅसेटवाले काका, ती पंचवीसची यादी मी शोधून बघितली तर त्यात स्पाय किड्स पण आहे. लहानपणापासून ज्याला ऐकतोय तो माणूस असा सुरू झाला होता हे कोणीच सांगितलं नव्हतं. त्याने मेक्सिकन-अमेरिकन चित्रकारांची चित्रं वर्षानुवर्षं विकत घेतली आणि २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला त्यांचं म्युझियम उघडलं हे पण वाचलं.

ताईंचं बरोबर आहे, बाबांसोबत मी नसता पाहिला. आमचा शो वेगळा ठेवा. पण आमच्या शोमध्ये पण ते शिरपूरचे काका बोलायला हवेत, फक्त मोठ्यांच्या शोमध्ये नकोत.

भुसावळचा_प्रोजेक्टर

ठरलं मग. दोन शो, पोरांचा दुपारी आणि आपला रात्री, आधी डेव्ह ऐकायचा, मग पिक्चर, मग शिरपूरकर दोन्हीकडे. रात्रीच्या शोला शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी रावेरवाला करतोय. काकांच्या सांगण्यावरून एक जुना मल्टिरिजन प्लेअर मिळाला पण त्याला मागे फक्त तीन रंगांच्या पिना आहेत आणि प्रोजेक्टर नुसता एचडीएमआय घेतो. जुळवणारा डबा कोणाकडे आहे का, जळगाव-चाळीसगाव कुठूनही येऊन घेऊन जाईन.

पाचोऱ्याचा_रेकॉर्डवाला

आहे माझ्याकडे, पण त्याला वेगळा पाच व्होल्टचा चार्जर लागतो, तो दिला नाही तर चित्र येतं आणि आवाज कापला जातो. शुक्रवारी भुसावळला येतोय, स्टेशनबाहेर भेट. स्पीकर पण माझाच आणतो, तुझ्यावर भरवसा नाही ठेवत त्या बाबतीत.